कोकणात दोन-चार गुरं आणि जोडीला गोधड्या: जमेल का?

ताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: यजमान ठाण्यातली नोकरी सोडून लांज्याजवळच्या घरी परत येणार आहेत. सासऱ्यांचा गोठा रिकामा पडलाय, त्यात चार गाई बांधायच्या. तुम्हाला शिवणाची आवड आहे, तेव्हा फावल्या वेळात गोधड्या शिवून विकायच्या. दिवस कसा जातो, गाय कुठली घ्यावी, आणि दोन्ही मिळून घर चालेल का?

मी राजापूर तालुक्यात खाडीकाठच्या गावात राहते. लग्न होऊन आले तेव्हापासून गुरं माझ्या हातात आहेत आणि गोधड्याही शिवते. दोन्ही कामं एकमेकांशेजारी छान बसतात. निव्वळ त्यावर घर चालेल असं मात्र धरू नका, पहिली दोन वर्षं तर नाहीच. आणि चार गाईंनी सुरुवात करू नका, दोन घ्या.

दोनच का, ते सांगते. किती गुरं ठेवायची हे लोक दुधावरून ठरवतात. आपल्याकडे ते पेंढ्यावरून ठरवायला हवं. लहान चणीच्या गावठी गाईला दिवसाला पाचेक किलो पेंढा लागतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर दिवाळीपर्यंत हिरवं गवत असतं, सड्यावर (कातळाच्या उघड्या माळावर) चरायला मिळतं, म्हणून पेंढा निम्म्यावर भागतो. तरी वर्षाला एका गाईमागे नऊशे-हजार किलो हाताशी हवाच. भाताच्या एका गुंठ्यातून साधारण तीस-चाळीस किलो पेंढा निघतो. म्हणजे एका गाईला पंचवीस-तीस गुंठ्यांचा पेंढा. तुमची भातजमीन किती, त्यातली लावली किती जाते आणि किती पड आहे, हे सासऱ्यांना विचारा. बऱ्याच गावांत शेतं ओस पडलीत, त्यामुळे शेजाऱ्याचा पेंढा विकत मिळेल हा भरवसाही आता उरलेला नाही. घाटावरून ट्रकने आणलेला चारा दारात येईपर्यंत दुधाचे पैसे खाऊन टाकतो.

पेंढा मिळाला तरी तो राखणं हे वेगळंच काम. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आपल्याकडे गुरांचा आणि कपड्यांचा शत्रू एकच, ओल. उडवी रचायची तर खाली दगड-लाकडांचा माच हवा, नाहीतर बुडातला हातभर पेंढा काळा पडतो. शक्यतो गोठ्याच्या माळ्यावर भरा आणि कौलांची गळती मेमध्येच काढून घ्या. बुरशी धरलेला पेंढा "थोडा झटकून" घालायची सवय असते, ती मुळीच लावून घेऊ नका. म्हशींना तो जास्त बाधतो; शेपटीचं टोक, कानांच्या कडा सुकून झडायला लागतात. तसला पेंढा आंब्याच्या बुंध्याशी आच्छादनाला टाका.

नुसत्या पेंढ्यावर गाय जगते, दूध देत नाही. त्यात प्रथिनं अगदी कमी आणि कॅल्शियमही अंगी लागत नाही. रोज चाळीस-पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण आंबोणात, म्हणजे कोंडा-पेंडीच्या खुराकात, मिसळा, मिठाचा खडा चाटायला ठेवा. आंबोणाला भाताचा कोंडा घरचा असतो, पेंड विकत आणावी लागते. पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया करतात ती खरंच उपयोगी आहे: शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया पन्नासेक लिटर पाण्यात विरघळवून शिंपडायचा, दाबून, ताडपत्रीने हवाबंद करून एकवीस दिवस ठेवायचं, आणि घालण्याआधी पसरून वास जाऊ द्यायचा. पण हे एकदा कुणी करताना पाहा, मगच हात लावा. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना तो पेंढा देत नाहीत, आणि युरियाचं पाणी जनावराने प्यायलं तर ते मरतं.

गाय कुठली? तुम्ही जर्सी संकरित म्हणताय. दूध दिसतं खरं. पण तिला रोज हिरवा चारा, भरपूर पेंड, दमट उकाड्यात पंखा आणि हाकेच्या अंतरावर डॉक्टर लागतो. आपली गावठी गाय "कोकण कपिला" या नावाने २०१८ साली देशी जात म्हणून नोंदली गेली. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे तिची नोंद आहे. लहान चण, काटक, डोंगर-सडा चढणारी, धो-धो पावसात टिकणारी. दूध मात्र दिवसाला दोन-अडीच लिटर, त्यातला वासराचा वाटा वेगळा. त्यातही ती वर्षभर दूध देत नाही. दोन गाई असल्या की बहुतेक वेळा एक दुभती आणि एक भाकड असं चित्र असतं. घरचं भागून दोन-तीन घरांचा रतीब, गणपतीत आणि मे महिन्यात चाकरमानी आले की थोडी जास्त मागणी, एवढाच त्यातला पैसा. उरलेला फायदा शेणाचा. कलमांना, नारळीला घरचं खत, भाताच्या तरव्याला (रोपांच्या वाफ्याला) भाजावळ. विकतचं खत घेताना जे पैसे गेले असते ते हिशेबात धरा, नाहीतर गाय कायम तोट्यातच दिसेल. गोबरगॅसचं गणित आधी करा: एक घनमीटरच्या संयंत्राला रोज पंचवीस किलो शेण लागतं, आणि दोन गावठी गाईंचं, त्याही दिवसा चरायला जाणाऱ्या, तेवढं जमा होत नाही.

यजमानांना दुधाचंच वेड असेल तर एक गावठी गाय आणि एक म्हैस ठेवा. म्हशीच्या दुधाला गावात गिऱ्हाईक लगेच मिळतं. फक्त म्हशीचा माज (फळवायची वेळ) मुका असतो, ओरडणं फारसं नाही. सकाळ-संध्याकाळ बारकाईने बघणारं माणूस नसेल तर ती एकवीस दिवसांची पाळी चुकते, पुढची चुकते, आणि वर्ष वाया जातं.

पाड्याचा विचार कुणी आधी करत नाही. निम्मी वासरं नर होणार. पॉवर टिलर आल्यापासून जोताला बैल कुणी मागत नाही, आणि २०१५ पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे. खोंड पोसायचा किंवा जोत करणारं माणूस शोधून द्यायचा, एवढंच हातात. रात्री मोकाट सोडून देणारे आहेत, मुंबई-गोवा महामार्गावर ती गुरं बसलेली दिसतात. तसं करणार नसाल तर कृत्रिम रेतन करताना लिंगनिर्धारित रेतमात्रा मिळते का ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. तिने दहापैकी नऊ वेळा कालवड होते, पण गाभण राहण्याचं प्रमाण थोडं कमी असतं.

दिवसाचं म्हणाल तर त्यात गूढ काही नाही. पहाटे पाचला उठून शेण काढायचं, आंबोण, धार, रतीब. न्याहारीनंतर गुरं सड्यावर. राखण्या माणूस आता पैसे देऊनही मिळत नाही, म्हणून वाडीतल्या घरांनी पाळ्या लावून घेतलेल्या बऱ्या. दुपारी घर, जेवण. चारला गुरं परतायला लागतात, मग पुन्हा तेच. सांजेला माश्या-डासांसाठी नारळाच्या सोडणांचा धूर. सुट्टी नसते. मुंबईला लग्नाला दोघांनी मिळून जाता येत नाही, एकाला मागे राहावं लागतं. हे यजमानांना आत्ताच सांगून ठेवा.

गोठ्याबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण रिकामा पडलेला गोठा बहुधा जुन्या पद्धतीचा असतो, अंधारा, कोंदट आणि तळाशी मातीचा. जांभ्याची फरसी घाला, गुळगुळीत लादी नको, खूर सरकतात. तीन मीटरला पाच-सहा सेंटीमीटर उतार ठेवा म्हणजे मूत्र नालीत जातं. पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, ती बाजू झावळ्यांच्या झापांनी बंद करा. समोरची बाजू पावसातही मोकळी ठेवा. दार बंद करून उबारा केला की वाफेने जनावरं खोकायला लागतात. खाली वाळलेला पातेरा अंथरायचा. तो मार्च-एप्रिलमध्ये काजू-आंब्याखालून गोळा करून पोती भरून ठेवा. पावसात ओला पातेरा अंथरला तर नसलेला बरा.

ओल्या जमिनीचं दुखणं खुरात आणि कासेत दिसतं. धार काढल्यावर सडाचं तोंड लगेच मिटत नाही, अर्धा तास तरी गाय खाली बसू देऊ नये. त्यासाठी धारेनंतर पुढ्यात वैरण टाका, ती उभीच राहते. धारेच्या पहिल्या दोन-तीन चिळकांड्या काळ्या फडक्यावर घ्या, गुठळ्या असल्या तर त्यावर कळतात. खुरांसाठी मोरचुदाचं पाच टक्क्यांचं पाणी.

घटसर्प आणि फऱ्या यांच्या लशी मेमध्येच टोचून घ्या. पाऊस सुरू झाल्यावर धावाधाव करून उपयोग नसतो. लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा, आणि २०२२ मध्ये लम्पीने राज्यभर गुरं आजारी पाडली तेव्हापासून त्याचीही लस चुकवत नाही. १९६२ या क्रमांकावर फोन केला की फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते. गोचिडांकडे दुर्लक्ष नको. सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळलेत. तो आजार माणसाला गोचिडीतून होतो आणि रानात चरून आलेल्या गुरांच्या अंगावर गोचिडी घरापर्यंत येतात. लेप्टोचं, म्हणजे उंदीर-गुरांच्या मुतातून होणाऱ्या तापाचं, भय आपल्याकडेही आहे. चिखलात, गोठ्यातल्या साचलेल्या पाण्यात पायाला जखम असताना अनवाणी जाऊ नका, गमबूट घाला. लावणीच्या दिवसांत ताप आला तर "थकव्याचा असेल" म्हणून घरी बसू नका, गुरं आहेत हे डॉक्टरांना सांगा.

विण्याबद्दल एवढंच: गाय नऊ महिने नऊ दिवसांच्या आसपास विते, म्हैस दहा महिन्यांनी. वासराला पहिल्या तासाभरातच चीक पाजा, खरवस शेजाऱ्यांना दोन दिवसांनी वाटला तरी चालतो. वार बारा तासांत पडली नाही तर डॉक्टर बोलवा. ओढून काढायला वाडीतले हौशी लोक पुढे येतात, त्यांना हात लावू देऊ नका. बिबट्याने वासरू मारलं तर मेलेलं जनावर न हलवता वनखात्याला कळवा, पंचनाम्याशिवाय भरपाई नाही.

आता तुमच्या आवडीचा विषय. गोधडी गुरांबरोबर जमते याचं कारण ती कुठेही थांबवता येते. गाय हंबरली, टाका तिथेच सोडून उठायचं, परत येऊन पुढे चालू. मशीनच्या शिवणाला असं चालत नाही. म्हणून मी म्हणते, पहिल्या वर्षी मशीन घेऊ नका.

थर किती, हा पहिला निर्णय. तुम्ही देशावरच्या जाड वाकळा पाहिल्या असतील. किनाऱ्यावर तेवढी थंडी पडत नाही आणि सहा-सात थरांची वाकळ आपल्या पावसात वाळत नाही, आतून कुबट वास धरते. वरचा-खालचा मिळून चार थर पुरेत. ज्याला जास्त हवं त्याला दोन पातळ गोधड्या द्या. एका सुती नऊवारीचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे निघतात. दोन शेजारी जोडले की दोघांच्या अंथरुणाचा एक थर होतो, म्हणजे एका लुगड्यात दोन थर. दोन लुगडी, एक गोधडी. हल्ली जुनी सुती लुगडी मिळणं कठीण झालंय, लोक पॉलिएस्टरच्या साड्या आणून देतात. त्या आत घातल्या तर थर सरकतात आणि घाम शोषला जात नाही. मी सरळ नको म्हणते. अगदीच आग्रह असेल तर फक्त वरच्या थरावर ठिगळ म्हणून.

कापड आधी धुऊन, कडक उन्हात वाळवून घ्या, नवं आणि जुनं कापड मिसळत असाल तर नक्कीच. नाहीतर पहिल्या धुण्यात नवं आटतं आणि गोधडीला पोक येतं. लाल, जांभळ्या रंगांवर ओलं पांढरं फडकं दाबून बघा, रंग लागला तर ते कापड घेऊच नका. सारवलेल्या पडवीत थर ताणून अंथरा, कोपऱ्यांवर पाट ठेवा. टाचण मधून कडेकडे घालायचं, म्हणजे सुरकुती बाहेर ढकलली जाते. पक्का धावदोरा मात्र कडेपासून सुरू करून चौकोनी फेरे घेत मध्यापर्यंत. हा क्रम उलटा केला की मधे फुगा येतो आणि तो उसवल्याशिवाय जात नाही. दोन ओळींत बोटभर अंतर, टाका भाताच्या दाण्याएवढा. दोरा हाताच्या लांबीपेक्षा जास्त घेऊ नका, पिळतो. गाठ थरांच्या आत ओढून घ्यायची. काठ कापून फेकू नका. कडेला तोच लावला की गोधडी दुप्पट टिकते, कारण झिजते ती कडेलाच.

शेणाकामाने बोटं फुटतात आणि मऊ कापडाचे धागे त्यात अडकतात. रात्री कोकमाचं तेल चोळून झोपा. आणि शिवणाचं कापड गोठ्याला लागून असलेल्या खोलीत ठेवू नका. आपल्याला वास येईनासा होतो, गिऱ्हाइकाला येतो.

हे सगळं विसरलात तरी एक गोष्ट विसरू नका. सुई. गाय चाऱ्यातलं निवडून खात नाही, जीभ फिरवून जे येईल ते गिळते. सुई पोटाच्या पहिल्या कोठ्यांत अडकते, आकुंचनाबरोबर पुढे टोचत जाते, आणि त्या कोठीच्या पुढ्यातच हृदय असतं. अशी गाय एकाएकी चारा सोडते, दूध आटतं, कोपरं बाहेर काढून उभी राहते, उतारावरून उतरताना कण्हते, मग गळ्याखाली सूज येते. तोवर बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून पेंढ्याच्या माळ्यावर किंवा गोठ्याच्या पडवीत शिवायला बसायचं नाही. सुया मोजून काढायच्या, मोजून ठेवायच्या, आणि एक कमी भरली तर ती सापडेपर्यंत तिथला केर गोठ्याकडे जाता कामा नये. लोहाराकडे किंवा मोटारीच्या दुकानात मोठं चुंबक मिळतं, ते जमिनीवरून फिरवा. दोऱ्याचे तुकडेही आंबोणाच्या बादलीपासून लांब.

वेळ कधी मिळतो? दुपारी एक ते साडेतीन. जून-जुलैत लावणी असते, तेव्हा काहीच होत नाही. श्रावणात जरा बसता येतं, पण तेव्हा कापड दमट असतं, म्हणून त्या दिवसांत नुसतं शिवायचं. धुणं-वाळवणं सगळं ऑक्टोबरच्या उन्हात नाहीतर एप्रिल-मेमध्ये. तयार गोधड्या लोखंडी ट्रंकेत ठेवू नका, पावसात गंजाचा डाग पडतो आणि तो जात नाही. सुती चादरीत गुंडाळून, वाळलेला कडुलिंबाचा पाला घालून, जमिनीपासून उंच फळीवर.

विक्रीचं सांगायचं तर बाजारात नेऊन बसलात तर मशीनच्या रजईच्या भावाशी तुलना होणार आणि तुम्ही हरणार. माझं निम्म्याहून जास्त काम गिऱ्हाइकाच्या कापडाचं असतं: कुणाच्या आईच्या, कुणाच्या आजीच्या साड्या. कापड त्यांचं, मजुरी माझी. अशा साड्या घेताना त्यांच्यासमोरच उजेडात धरून ताणून बघा. विरलेली असेल तर आत्ताच सांगा, ती आत घालावी लागेल. कापण्याआधी विचारा, फोटो काढून ठेवा. जरीकाठ बाळाच्या दुपट्याला लावायचा हट्ट धरतात, लावू नका, बोचतो. गणपतीच्या आधी घरोघर अंथरुणं कमी पडतात, तेव्हा ऑर्डर येतात; त्या शिमग्यानंतरच घ्यायला लागा आणि तारीख कबूल करताना गाय कधी विणार ते कॅलेंडरवर आधी पाहा. मजुरी दिवसाच्या हिशेबाने सांगा. शेतात लावणीला बाई जी हजेरी घेते त्याहून कमी हजेरीने शिवू नका. नातेवाईक घासाघीस करतील, त्यांना दुपटं शिवून द्या, मोठी गोधडी नको.

सुरुवात कधी करायची? भातकापणी झाली की आधी पेंढा भरा, मग डिसेंबर-जानेवारीत गाय आणा, म्हणजे पावसाआधी पाच-सहा महिने हात बसायला मिळतात. दुसऱ्या वेताची, पाठीशी वासरू असलेली बघा. कानात बारा अंकी बिल्ला हवा आणि लसीची नोंदही. चारही सड पिळून बघा, चालवून बघा. संध्याकाळची आणि दुसऱ्या दिवशी सकाळची अशा दोन धारा समोर काढून घ्या. एकच धार दाखवणाऱ्याने आदली धार बहुधा तुंबवलेली असते.